माप एकच ठेवा

(हितचिंतकांच्या मेळाव्यात एका फ्लोअरिंग मिस्त्रींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी व्यासपीठावर उभा राहून बोलणारा माणूस नाही, व्यासपीठ बनवणारा आहे. गेली २२ वर्षं मुंबई, ठाणे आणि पुण्यात मी लाकडी जमिनी बसवतो. घरांत बसवल्या, नाचाच्या वर्गांत बसवल्या, बॅडमिंटनच्या कोर्टांवर बसवल्या आणि दोन-चार चर्चमध्येही बसवल्या. जुन्या वाड्यांत फळ्यांच्या अशा कामाला तक्तपोशी म्हणत. आता गिऱ्हाईक 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतं. माझं गाव म्हणजे डहाणू तालुक्यातला एक पाडा. काम शिकलो मुंबईत, एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली. आज माझ्याबरोबर पाच मुलं काम करतात. तीन जव्हार-मोखाड्याची आहेत, दोन माझ्याच भागातली.

मला विषय दिला आहे 'प्रामाणिक दर'. हा शब्द ऐकला की बऱ्याच लोकांना स्वस्त दर असं वाटतं. माझा दर तीन दरपत्रकांत बहुतेक वेळा सगळ्यात कमी नसतो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या समजुतीप्रमाणे ज्या दराचा प्रत्येक आकडा गिऱ्हाईकाला स्वतः मोजून पाहता येतो, आणि तोच आकडा काम करणाऱ्या पोरालाही दाखवता येतो, तो प्रामाणिक दर. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळी उदाहरणं आहेत.

झाकलेलं काम

टाइल किंवा संगमरवर बसवला तर माल निदान डोळ्यांना दिसतो. लाकडी जमीन पुरी झाली की गिऱ्हाईकाला दिसतो तो फक्त वरचा पृष्ठभाग, तोही पॉलिशखाली. आत काय आहे हे फक्त बसवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून या धंद्यात फसवायला फार हुशारी लागत नाही. गप्प बसलं तरी पुरतं.

बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली लॅमिनेट. लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर रेझिनचा कडक थर. जाडी साधारण ८ किंवा १२ मिलिमीटर. ही वस्तू वाईट नाही. लवकर ओरखडे पडत नाहीत, भाड्याच्या घराला मी स्वतः तीच सुचवतो. पण एकदा वरचा थर झिजला की तिला घासून नवी करता येत नाही, कारण छापील कागदाखाली घासण्यासारखं लाकूडच नसतं.

दुसरी इंजिनिअर्ड. खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. हा पापुद्रा किती जाड, यावर सगळी किंमत. तो ०.६ मिलिमीटर असेल तर मशिन लावलं की निघून गेलाच. ४ मिलिमीटर असेल तर दोन-तीन वेळा घासून पुन्हा पॉलिश करता येतं.

तिसरी भरीव लाकडाची, १८ ते २० मिलिमीटर जाडीची अख्खी फळी. ती नीट बसवली आणि पाणी लागू दिलं नाही, तर नातवंडं त्याच जमिनीवर रांगतात.

आता दरपत्रकात नुसतं 'टीक वुड फ्लोअरिंग' लिहिलं, तर यातलं काय येणार? मी पिशवीत तिन्हींचे कटपीस ठेवतो आणि गिऱ्हाईकासमोर आडवे न ठेवता कडेवर उभे करतो. वरून तिन्ही सारखे दिसतात, कडेने पाहिलं की लहान मूलही फरक सांगतं. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, पण फळीची कड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

छत्तीस घनफुटांचा हिशेब

एका चर्चच्या सभागृहात व्यासपीठाला सागवानी फळ्या बसवायच्या होत्या. लांबी २० फूट, रुंदी १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. कमिटीने दरपत्रकं मागवली. एकाने लाकूड लिहिलं २० घनफूट. मी लिहिलं ३६. कमिटीत एक गृहस्थ हिशेबाला पक्के होते. ते मला म्हणाले, "मिस्त्री, देवाच्या घरात तरी सोळा घनफूट जास्त लावू नका हो."

त्यांचा राग मला समजला. मी दरपत्रकाच्या मागच्या बाजूला त्यांच्यासमोर हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगतो.

एक घनफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ठोकळा. त्यातून पाऊण इंची फळ्या काढल्या तर कागदावर १६ चौरस फूट जमीन होते. पण रंधून पाऊण इंच उरायची असेल तर फळी एक इंचाची चिरावी लागते. म्हणजे १६ चे १२ झाले. चार इंच रुंदीची पट्टी घेतली, दोन्ही कडा सरळ केल्या, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच काढली, की जमिनीवर दिसते सव्वातीन इंच. १२ चे पावणेदहा झाले. त्यातून गाठी, चिरा आणि कडेचं पांढरं कच्चं लाकूड बाजूला काढलं की हातात राहतात साधारण ९ चौरस फूट.

आता व्यासपीठाच्या ३०० फुटांवर कापाकापीचे ७ टक्के धरा. झाले ३२१. त्याला ९ ने भागलं की ३६ घनफुटांच्या जवळ येतं. आणि १६ ने भागलं की जवळपास २० येतं. पहिल्या दरपत्रकातला आकडा तिथून आला होता.

हिशेबाला सोपा म्हणून घनफुटाला ३,००० रुपये धरा. २० घनफुटांचे ६०,००० होतात आणि ३६ चे १,०८,०००. मधला ४८,००० चा फरक हवेत जात नाही. अर्धं व्यासपीठ झालं की फोन येतो, "साहेब, लाकूड कमी पडलं." तेव्हा सांगाडा उघडा पडलेला असतो, नाताळचा कार्यक्रम तोंडावर आलेला असतो, आणि वाद घालायला कुणाला वेळ नसतो. ज्याने २० लिहिले त्याची नियत खोटी होती असं मी म्हणणार नाही, त्याला फळीचा हिशेब कदाचित ठाऊकही नसेल. पण पैसे भरणाऱ्या मंडळीला त्याने काय फरक पडतो?

ते काम आम्हाला मिळालं. लाकूड साडेपस्तीस घनफूट लागलं, उरलेल्या लाकडाचे पैसे मी बिलातून वजा केले आणि कापलेले तुकडे कमिटीच्या ताब्यात दिले. त्यातून रविवारच्या शाळेच्या वह्या ठेवायला एक मांडणी झाली. उरलेला माल गिऱ्हाईकाचा, हा माझ्या मिस्त्रींनी घालून दिलेला नियम आहे. वेस्टेजचे पैसे घ्यायचे आणि वेस्टेज टेम्पोत घालून घेऊन जायचं, हे त्यांना कधी खपलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माप नेहमीपेक्षा वेगळं असणं म्हणजे लबाडी नव्हे. गोल ओंडका मोजायची एक जुनी रीत आहे. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ मध्ये यासाठी तयार कोष्टकांचं पुस्तक छापलं, म्हणून त्याला हॉपस माप म्हणतात. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. खरा आकार काढला तर तो १२.७३ घनफूट आहे. मग विकणारा फसला का? नाही. गोल ओंडका चौकोनी करताना बाजूच्या साली आणि फळकुटं जाणार, ती सूट मापातच धरलेली आहे. विकणाऱ्यालाही ते ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. एकाला ठाऊक असतं आणि दुसऱ्याला नसतं, तिथून फसवणूक सुरू होते.

म्हणून माझ्या दरपत्रकात चार ओळी वेगळ्या असतात. पहिली लाकडाची, घट धरून. दुसरी खालच्या कामाची, म्हणजे बॅटन, प्लाय, ओल अडवणारं प्लास्टिक. तिसरी मजुरीची. चौथी माझ्या नफ्याची. त्याखाली जीएसटी. नफ्याची ओळ पाहून लोक हसतात. एक ताई म्हणाल्या, "असं कुणी लिहितं का?" मी म्हटलं, "ताई, मी काही फुकट काम करत नाही, आणि तसं भासवतही नाही." घासाघीस करायची असेल तर त्या ओळीत करा, असं मी सांगतो. मजुरीच्या ओळीला हात लावू देत नाही.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगतो. काही इंटिरिअरवाले काम मिळवून देण्याचे दहा टक्के मागतात. द्यायला माझी हरकत नसते, पण मी ती पाचवी ओळ म्हणून लिहितो. गिऱ्हाईकाच्याच पैशातून जातात, तर त्याला दिसायला नकोत? ते लिहिलं की पुढच्या वेळी माझा फोन वाजत नाही. अशी बरीच कामं गेली. घरी दोन मुलांचं शिक्षण चालू असताना ती गेली, म्हणून ती मोजायला मला वही लागत नाही.

ओला कोबा

लाकूड झाडापासून तोडलं, चिरलं, वाळवलं, तरी ते हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, थंडीत आकसते. म्हणून भिंतीकडेने आम्ही १० ते १२ मिलिमीटर फट ठेवतो आणि ती स्कर्टिंगखाली झाकतो. गिऱ्हाईकाला वाटतं, मिस्त्रीने फळी आखूड कापली. ती फट सोडली नाही तर जमीन मधोमध फुगून वर येते.

त्याहून मोठा शत्रू खालचा कोबा. नव्या काँक्रीटला वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो, तोही कोरड्या हवेत. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तो वाळतच नाही. पाहायची एक फुकट युक्ती सांगतो. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद घ्या, चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडलेला दिसला, तर तिथे लाकूड घालू नका.

काही वर्षांपूर्वी ठाण्यात एका नव्या फ्लॅटचं काम आलं. दोन खोल्या, २६० चौरस फूट, भरीव सागवान. महिना जुलै. मुलगा आणि सून परदेशातून ऑगस्टमध्ये येणार होते, त्याआधी काम हवं होतं. मी प्लास्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी खाली थेंब. मी म्हटलं, दिवाळीनंतर करू. घरचे काका म्हणाले, "तुम्ही बसवा, जबाबदारी माझी." माणूस भला होता, मनापासून म्हणत होता. पण ओल कुणाची जबाबदारी ऐकत नाही. मी उचल घेतलेले ४०,००० रुपये परत केले.

त्या महिन्यात आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. पोरं दोन आठवडे बसून होती. त्यांना मी अर्धी हजेरी दिली, ती घरातून. माझ्या पत्नीने मला एवढंच विचारलं, "दुसरा कुणी बसवेलच ना?" आणि तसंच झालं. दुसऱ्या कुणीतरी ऑगस्टच्या आत जमीन बसवून दिली. गणपतीत पाहुणे आले, सगळ्यांनी कौतुक केलं.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी त्या घरच्या काकूंचा फोन आला. फळ्या दोन्ही कडांनी उचलून होडीसारख्या झाल्या होत्या. खालून ओल, वरून पॉलिश, मग लाकूड दुसरं काय करणार? आता सांगा, अशा वेळी काय दर लावायचा? ते अडलेले होते. दुप्पट सांगितले असते तरी दिले असते, आणि "मी आधीच सांगितलं होतं" हे वर ऐकून घेतलं असतं. आम्ही नेहमीचीच मजुरी लावली. सगळ्या फळ्या उपटल्या, महिनाभर सावलीत रचून वाळवल्या आणि पुन्हा रंधल्या. चारातल्या तीन फळ्या वाचल्या, एक भाग नवं लाकूड लागलं. कोबा कोरडा झाल्याची प्लास्टिकची परीक्षा या वेळी काकांनी स्वतः केली. अडलेल्या माणसाकडून आपण किती घेतो, तिथे आपला खरा दर कळतो, असं मला वाटतं.

दोन टेप

आता जे सांगणार आहे ते आपल्या पाड्यांवरच्या पोरांबद्दल आहे.

मी नवीन असताना एका ठेकेदाराकडे अंगावर काम घ्यायचो. अंगावर म्हणजे हजेरी नाही, जितके चौरस फूट बसवाल तितके पैसे. एक खोली होती १२ फूट ७ इंच लांब आणि १० फूट ९ इंच रुंद. नीट मोजली तर ती सव्वाशेच्या वर, १३५ चौरस फूट भरते. ठेकेदार गिऱ्हाईकाला ती १३ बाय ११ धरून १४३ लावायचा. आम्हाला १२ बाय १० धरून १२० चे पैसे द्यायचा. इंच वर जाताना गिऱ्हाईकाच्या अंगावर, खाली येताना आमच्या अंगावर. एका खोलीत २३ चौरस फूट मधल्यामधे. अशा वर्षाच्या खोल्या मोजा.

आमच्यातल्या कुणी तोंड उघडलं नाही, कारण इंचाचे फूट कसे करायचे हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना येत नव्हतं. वहीत अंगठा होत असे. पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नयेत असं अनुवादाच्या पुस्तकात सांगितलं आहे. तुम्ही ते देवळात वाचता, मी ते कामावर पाहिलं आहे. एक जड वजन घ्यायला, एक हलकं द्यायला. वजनांच्या जागी टेप धरा.

म्हणून आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिला आठवडा त्याच्या हातात करवत देत नाही. टेप, पेन्सिल आणि वही देतो. ३ इंच म्हणजे पाव फूट, ६ म्हणजे अर्धा, ९ म्हणजे पाऊण. खोली मोजायची, कोपरे गुण्याने तपासायचे, चौरस फूट काढायचे. मग तोच आकडा मापवहीत एकाच पानावर लिहितो. त्या पानावर गिऱ्हाईकाची सही होते आणि मुलाचीही होते. गिऱ्हाईकाला जे माप लावलं त्याच मापाने मुलाला मजुरी. वेस्टेज लावायचं असेल तर ते वेगळ्या ओळीत, मापात मिसळायचं नाही.

या वहीचा उपयोग कुठवर गेला ते ऐका. मोखाड्याकडचा एक मुलगा आमच्याकडे आला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. तुम्हाला ठाऊक आहे, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची, मग सहा-सात महिने भट्टीवर राबून ती फेडायची. दर आठवड्याला खायला खर्ची मिळते आणि हिशेब होतो थेट हंगाम संपताना. हजार विटांचा दर ठरलेला असतो, पण विटा किती पाडल्या ते मालकाच्या वहीत. फुटक्यांची, पावसात भिजलेल्यांची तूट किती धरली, तेही मालकाच्याच वहीत.

या मुलाने आमच्याकडे माप लिहायला शिकल्यावर आईला एक वही घेऊन दिली. तिला लिहिता येत नाही. तो तिला म्हणाला, "आये, रोज रात्री जेवढे हजार झाले तेवढ्या रेघा मार. खर्ची मिळाली की एक गोल काढ." हंगाम संपताना तो सुट्टी घेऊन भट्टीवर गेला आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. रेघा जास्त होत्या. मालक आधी रागावला, मग फुटक्या विटा दाखवा म्हणाला, मग पुन्हा मोजायला बसला. सगळं काही मिळालं नाही. पण त्या वर्षी ते कुटुंब उचल फेडून, हातात थोडे पैसे घेऊन घरी परतलं, आणि पावसाळ्यात नवी उचल घेतली ती आदल्या वर्षापेक्षा कमी. त्या मुलाला मी सुतारकाम शिकवायला घेतलं होतं. त्याच्या आईला उपयोग झाला तो रेघांचा.

कागद असलेलं लाकूड

आणखी एक गोष्ट, जी या सभेत बोलायलाच हवी. स्वस्त सागवान कुठून येतं?

आपल्या राज्यात चांगला साग गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात आहे. आलापल्लीचं नाव लाकडाच्या बाजारात मोठं आहे. बल्लारशाहच्या आगारात वनखात्याचे लिलाव होतात. दिल्लीतल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, हे तुम्ही वाचलं असेल. असं लाकूड निघतं तेव्हा त्यावर खात्याच्या हातोड्याची खूण असते आणि बरोबर वाहतूक परवाना असतो. परदेशी लाकडाला आयातीचे कागद असतात. आणि 'बर्मा टीक' या नावावर डोळे झाकून पैसे देऊ नका. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आफ्रिकेतल्या लागवडीचा साग त्याच नावाने विकणारे आहेत. तो सागही वापरण्यासारखा असतो, पण त्याला त्याचं नाव आणि त्याचा दर लावावा.

मधूनमधून कुणीतरी येतो आणि निम्म्या भावात सागाची फळी देतो म्हणतो. बिल नाही, परवाना नाही. तसं लाकूड मी घेत नाही. कायद्याची भीती आहेच, १९२७ चा वन कायदा कडक आहे. पण माझ्या मनात दुसरी गोष्ट असते. रात्री तो ओंडका खांद्यावरून कोण उतरवतं? आपल्यातलाच कुणी मुलगा, एका रात्रीच्या मजुरीसाठी. पकडला जातो तोही तोच. ज्या दिवाणखान्यात ते लाकूड चमकतं, तिथला माणूस कधी कोर्टाची पायरी चढत नाही. निम्म्या भावातला उरलेला निम्मा भाव त्या मुलाने भरलेला असतो.

कागद आपल्या लोकांच्या हातात आला की काय होतं, याचंही उदाहरण गडचिरोलीतच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू, मध अशा गौण वनोपजावर गावांचा हक्क मानला. इमारती लाकूड त्यात येत नाही. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तोच बांबू, तीच माणसं. पण परवान्यावर सही गावाची झाली, तेव्हा गावाला उघड बाजारात उभं राहून भाव सांगता आला.

तुमच्याकडून काय हवं

बंधुभगिनींनो, तुम्ही आमच्या पाड्यांसाठी पुष्कळ करता. वह्या देता, औषधं देता, वसतिगृहाला धान्य देता. त्याबद्दल आभार मानायला मी उभा आहेच. पण तुम्ही घरं बांधता, दुरुस्त करता, चर्चच्या इमारतींची कामं काढता, तेव्हाही तुमच्या हातात बरंच काही असतं. त्यासाठी चार गोष्टी मागतो.

दरपत्रक एका आकड्यात घेऊ नका. लाकूड, खालचं काम, मजुरी आणि नफा वेगळे लिहून मागा. सगळ्यात कमी आकडा दिसला तर आनंद होऊ द्या, पण त्यात काय नाही, हेही विचारा.

खोली मोजताना तुमच्यातला एक जण टेपचं दुसरं टोक धरायला उभा राहू द्या. आणि जमलं तर काम करणाऱ्या पोराला विचारा, तुला किती चौरस फुटांचे पैसे मिळतात? हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. तुमचं माप आणि त्याचं माप जुळलं नाही, तर कुठे काय चाललं आहे ते तुम्हाला कळेल.

सागवान घेताना बिल आणि परवान्याची प्रत मागा. कागद नसेल तर लॅमिनेट बसवा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि काम पुरं झालं की शेवटचे पैसे वेळेवर द्या. ठरलेल्या रकमेतले शेवटचे दहा टक्के महिनोन्‌महिने अडकतात, तेव्हा आधी मजुरीच अडकते. लाकूडवाल्याचे पैसे आम्हाला रोख द्यावेच लागतात.

शेवटी एवढंच. आमच्या पाच मुलांपैकी दोघे आता स्वतंत्रपणे खोली मोजून दरपत्रक लिहू शकतात. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाने माझ्या दरपत्रकात चूक नाही ना म्हणून सगळी बेरीज पुन्हा केली, आणि मग मला म्हणाला, "मामा, नफ्याच्या ओळीत दोनशे रुपये राउंड केलेत, ते कमी करू का?" मी म्हटलं, कर. पाड्यांवर अजून पुष्कळ मुलं आहेत, दहावी झालेली आणि न झालेली. त्यांना कुणी कामाला ठेवत असेल तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात टेप आणि वही द्या. बाकीचं काम ती शिकतात.